शिंपला कोणी टाकला?

खाडीच्या काठी एक मिठागरी गाव होतं, आणि त्या गावात एक टोपल्या विणणारा राहत होता. नाव इनास. हाताला कसब होतं, जिभेवर गोडवा होता आणि गळा तर असा, की रविवारी चर्चमध्ये त्याने वरचा सूर लावला की पेंगणारे म्हातारेही सावरून बसत. एकच गोष्ट त्याच्याजवळ नव्हती. कुठल्याही चुकीला मालक लागतो, आणि ते मालक होणं त्याला कधी जमलं नाही.

त्याने विणलेल्या टोपलीचं बूड भर रस्त्यात निसटलं आणि कोळणीचे बांगडे धुळीत लोळले, तर इनास हात जोडून म्हणे, "देवाची इच्छा!" त्याच्या शेळीने शेजारणीचा दुधीचा वेल मुळापासून फस्त केला, तेव्हाही म्हणाला, "देवाची इच्छा!" एकदा खुराड्याचं दार लावायला विसरला आणि मुंगसाने दोन कोंबड्या नेल्या. तेव्हा त्याची बायको कतरीन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "असं कसं? मग खुराड्याला दार कशाला बसवलंत?"

इनासने थोडा विचार केला. "तीही देवाचीच इच्छा," तो म्हणाला.

गाव हसायचं. पण इनास आळशी होता किंवा लबाड होता असं समजू नका. त्याच्या या बोलण्याखाली एक जुनी भीती दडलेली होती, आणि ती समजायला त्या गावचं मीठ समजून घ्यायला हवं.

मीठ कसं येतं ते सांगतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती येते. समुद्र बांधाला टेकला की बांधातलं लाकडी फाटक उघडायचं. या फाटकाला तिथले लोक उघाडी म्हणतात. हवं तेवढं पाणी आत आलं की उघाडी बंद करायची आणि पाणी वाफ्यांत पसरू द्यायचं. पुढचं काम ऊन आणि वारा करतो. काही दिवसांनी सकाळी बघावं, तर वाफ्यात पांढरी साय धरलेली असते. आम्ही मीठ केलं, असं त्या गावात कोणी म्हणत नसे. सगळे म्हणत, मीठ आलं. पण वेळेवर उघाडी उघडली नाही तर ते येतही नसे, आणि वेळेवर बंद केली नाही तर आलेलं मीठ पुन्हा समुद्रात विरघळून जाई. मिठाच्या बदल्यात डोंगरापलीकडून भात यायचा. मीठ नाही तर भात नाही, इतका साधा हिशोब होता.

म्हणून दर वर्षी एक राखणदार निवडायचा. निवडायची रीत वेगळीच होती. नोव्हेंबरातला सर्व संतांचा सण झाला, की त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये वेदीसमोर एक मडकं ठेवत. गावात घरं एकसष्ट. प्रत्येक घराने आपली खूण कोरलेला एक शिंपला त्या मडक्यात टाकायचा. कोणाची खूण वल्ह्याची, कोणाची माशाची. इनासच्या घराची खूण म्हणजे विणीच्या आडव्या-उभ्या रेघा. सगळे शिंपले पडले की पाद्रीबाबा म्हणत, "प्रभू, तू निवड." आणि सगळं गाव एका आवाजात म्हणे, "आम्ही राखू." मग गावातली सगळ्यांत वयस्क बाई, दोन्ही डोळ्यांनी आंधळी झालेली इसाबेल आजी, मडक्यात हात घालून एक शिंपला काढायची. ज्याचा निघाला तो राखणदार. देवाने निवडलेला. त्यावर कोणी वाद घालत नसे.

इनास लहान असताना त्याच्या बापाचा शिंपला निघाला होता. बाप चांगला माणूस. पण एका उधाणाला तो बांधावर बसल्याबसल्या पेंगला आणि उघाडी वेळेवर बंद झाली नाही. तासाभरात सगळ्या वाफ्यांतलं मीठ गेलं. त्या वर्षी गावाने कंद आणि कालवं खाऊन दिवस काढले. गावाने त्याला माफ केलं, एका शब्दाने बोललं नाही. पण बापाने त्यानंतर मान वर केली नाही. मरेपर्यंत तो लोकांच्या पायांकडे बघून बोलत राहिला. ती वाकलेली मान बघतच इनास मोठा झाला आणि त्याने मनाशी ठरवून टाकलं, की आपल्या नावावर काही म्हणून लागूच द्यायचं नाही.

म्हणून बाप गेल्यावर इनासने दर वर्षी एक चोरटा खेळ केला. मूठ मिटून मडक्याशी जायचा, हात आत घालायचा आणि मिटल्या मुठीनेच बाहेर काढायचा. शिंपला मुठीतच. पुढे तो हळूच सदऱ्याच्या खिशात जायचा. साठच शिंपले मडक्यात, आणि इनास सुखाने वरच्या सुरात गायला मोकळा.

त्या वर्षीही त्याने तेच केलं. पाद्रीबाबा म्हणाले, "प्रभू, तू निवड." इनासने मन लावून ऐकलं. "आम्ही राखू," गाव म्हणालं. इनास घसा खाकरत होता. इसाबेल आजीने हात घातला, शिंपले खळखळ ढवळले, एक काढला, त्याच्या रेघांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "वीण आहे. टोपलीवाल्याचं घर."

इनासचं खाकरणं अर्ध्यावर थांबलं. त्याने खिशात हात घातला. त्याचा शिंपला तिथेच होता, त्याच्या बोटांना विणीच्या रेघा लागत होत्या. आणि समोर पाद्रीबाबांच्या तळहातावर दुसरा शिंपला, त्याच रेघांचा.

लोक येऊन त्याच्या पाठीवर थाप मारत होते. त्याला काही ऐकू येत नव्हतं. आधी त्याला वाटलं की धूम ठोकावी. पण मग त्याच्या डोक्यात एक विचार आला आणि त्याचे डोळे पाणावले. मी तर शिंपला टाकलाच नाही. म्हणजे हा देवानेच टाकला! स्वतःच्या हाताने कोरला आणि स्वतःच्या हाताने टाकला. मी नको नको म्हणत असताना त्याने मला निवडलं. आणि इतकं ज्याने केलं, तो उघाडीही सांभाळेल, बांधही सांभाळेल, सगळंच सांभाळेल. माझ्यावर कशाचाच भार नाही!

इनासने हे कोणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तो जमिनीपासून चार बोटं वरून चालू लागला.

मागच्या वर्षीच्या राखणदाराने त्याच्या हाती उघाडी उचलायची पहार दिली आणि बांधावर नेऊन सगळं दाखवलं. "उघाडी तर कोणीही सांभाळेल," तो म्हणाला. "खरं काम हे बघ." त्याने बांधाच्या उतारावर एक भोक दाखवलं, अंगठा जाईल एवढं. "खेकड्याचं बीळ. आज अंगठ्याएवढं, महिन्याने मनगटाएवढं. रोज बांधावरून चालायचं, बीळ दिसलं की चिखल आणि पेंढा ठोकून बुजवायचं. रोज. कंटाळा आला तरी."

"देव बघतोय ना," इनास म्हणाला.

"देव बघतो. तूही बघ."

पहिल्या उधाणाला इनासने उघाडी उघडली, पाणी आलं, उघाडी बंद केली. सगळं सुरळीत झालं. दुसऱ्या उधाणालाही झालं. वाफे पांढरे दिसू लागले. इनासची खात्री आणखी पक्की झाली. तो रोज बांधावर जायचा खरा, पण तिथल्या राखणदाराच्या झोपडीच्या सावलीत बसून टोपल्या विणायचा आणि गाणी म्हणायचा. एखादं बीळ दिसलं तर त्याच्याकडे प्रेमाने बघायचा. ज्याने खेकडा केला त्यालाच बिळाचं कळतं, असं काहीतरी म्हणून पुन्हा विणायला घ्यायचा. मागचा राखणदार एकदा मुद्दाम येऊन म्हणाला, "इनास, उतारावर बिळं वाढलीत रे." तेव्हा इनास इतका शांत हसला, की बिचारा स्वतःलाच शंकेखोर समजून परत गेला.

असा नाताळ गेला, उपवासकाळ आला, वाफ्यांवर मिठाचे ढीग चढले. आणि येऊन ठेपला पवित्र आठवडा. त्यात शुक्रवारी पौर्णिमा. वर्षातली सगळ्यांत मोठी भरती त्या दिवशी दुपारी एक वाजता येणार, हे खाडीवरचं शेंबडं पोरही सांगू शकत होतं.

गुरुवारी सकाळी कतरीन धुवायला कपडे काढत होती. इनासच्या ठेवणीतल्या सदऱ्याचा खिसा जड लागला. तिने शिंपला काढून हातावर ठेवला आणि सुस्कारा सोडला. इनास समोरच बसला होता. गेले पाच महिने पोटात ठेवलेलं त्याला आता राहवेना.

"कतरीन, तो बघितलास? तो माझा शिंपला. मी त्या दिवशी टाकलाच नव्हता. आणि तरी मडक्यातून आपली खूण निघाली. कळलं तुला? देवाने स्वतः कोरून टाकला!" त्याचा आवाज भरून आला होता.

कतरीन हळूच खाली बसली.

"अहो," ती म्हणाली, "तो मी टाकला होता."

इनासला कळेना.

"दर वर्षी सण झाला की तुमच्या खिशात शिंपला सापडतो. पहिल्या वर्षी वाटलं विसरलात. मग कळलं. यंदा मडक्याला फुलांची माळ बांधायची पाळी माझी होती. पहाटे खिळ्याने खूण कोरली आणि माळ बांधताना आत सोडला."

"का?" इनासच्या तोंडून एवढंच फुटलं.

"का म्हणजे? दहा वर्षं संसार केला तुमच्याशी. टोपली मोडली तर तुमची नाही, हे मी सोसलं. पण गेल्या पावसाळ्यात मी आजारी होते, तुम्ही सात दिवस माझ्या उशाशी बसलात, पेज भरवलीत. मी म्हटलं, तुम्ही वाचवलंत मला. तर म्हणालात, मी कुठे काय केलं? तुमच्या हातून झालेलं चांगलंही तुमचं नसतं, अहो. मला एक माणूस हवा आहे घरात. चुकणारा चालेल." तिने पदराने डोळे पुसले. "आणि वाटलं, निघालाच शिंपला, तर तुमच्या वडिलांच्या उघाडीशी तुमचा एकदाचा हिशोब मिटेल."

इनास उठला आणि चालायला लागला. पायाखाली जमीन आहे की नाही ते त्याला कळत नव्हतं. देवाने नाही, बायकोने टाकला. म्हणजे देवाचा यात हातच नाही. म्हणजे पाच महिने बांधावर कोणीच नव्हतं. न बुजवलेलं एकेक बीळ आता त्याच्या डोळ्यांसमोर यायला लागलं, आणि त्या प्रत्येकावर त्याचं नाव होतं. उद्या भरती. उद्या तो बापासारखा लोकांच्या पायांकडे बघत उभा असेल.

चालता चालता तो इसाबेल आजीच्या ओट्याशी येऊन थांबला. आजी सुपात चिंचा चाचपडत होती.

"आजी, ती निवड खोटी होती," त्याने धापा टाकत सगळं सांगून टाकलं. मिटलेली मूठ, दहा वर्षांचे दहा शिंपले, कतरीनने कोरलेला अकरावा. "दुसरा राखणदार निवडा. मला देवाने निवडलं नव्हतं, बायकोने निवडलं."

आजीने सूप बाजूला ठेवलं. "मडक्यात शिंपले किती होते रे?"

"एकसष्ट."

"कतरीनने त्यातला एक टाकला. बाकी साठ होते ना? ती काय माझ्या बोटांत शिरून बसली होती? घरचा शिंपला घरच्या माणसानेच टाकला, त्यात लबाडी कसली? लबाडी तर तू दर वर्षी करत होतास."

इनासची मान खाली गेली. "पण मग नक्की केलं कोणी? तिने, तुम्ही, की देवाने?"

"वीस वर्षं मी शिंपला काढते आहे," आजी म्हणाली. "दर वर्षी म्हणते, देवा, तू निवड. आणि मग हात घालते. बोटं माझीच असतात बाबा, ती काही देवदूत हलवत नाही. पण हात घातल्याशिवाय कधी शिंपला बाहेर आलेला नाही, आणि मी म्हणेन तो कधी निघालेला नाही. मला तर यात कधी भांडण दिसलं नाही."

"सगळं देवच ठरवत असेल तर बिळं बुजवायची कशाला? आणि नसेल ठरवत, तर सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यावर. मी चिरडून जाईन, आजी."

आजी हसली. तिच्या तोंडात दोनच दात होते, पण हसणं फार मायेचं होतं. "देवाने बांध टिकवायचं ठरवलं असेल, तर तो कशाने टिकवेल? चिखलाने. आणि चिखल कोणाच्या हाती दिलाय? तुझ्या. आणि डोक्यावर सगळं कुठे आहे रे? समुद्र तुझ्यावर आहे? वारा तुझ्यावर आहे? ऊन? तुझ्यावर फक्त बांध आहे. तुझ्या बापाने त्या दिवशी समुद्रसुद्धा आपल्या खांद्यावर घेतला, म्हणून त्याची मान वाकली. तू तर बांधही खाली ठेवलास. बापाएवढं नको उचलू आणि तुझ्याएवढं कमीही नको. ऊठ. ओहोटी किती वाजता आहे उद्या?"

शुक्रवारी दिवस उजाडताच ओहोटीच्या वेळी इनास आणि कतरीन बांधावर होते. इनास पुढे, कतरीन मागे चिखलाची पाटी घेऊन. त्याने बिळं मोजायला सुरुवात केली आणि चाळीसच्या पुढे मोजणं सोडून दिलं. काही बिळांत मनगट जात होतं. एका बिळात त्याचा हात कोपरापर्यंत गेला आणि आतली माती भुसभुशीत लागली. दोघांनी चार तास मान वर केली नाही. नऊ बिळं नीट बुजली. सूर्य वर आला होता आणि खाडीत पाणी चढायला लागलं होतं.

"दोघांनी होणार नाही," कतरीन म्हणाली. "गाव लागेल."

गावाला बोलवायचं म्हणजे घंटा. आणि त्या दिवशी शुभ शुक्रवार. गुरुवारी संध्याकाळपासून घंटेचा दोर बांधून ठेवतात, तो पुनरुत्थानाच्या पहाटेपर्यंत कोणी सोडत नाही. प्रभूच्या मरणाच्या दिवशी घंटा वाजत नसते. गावाच्या आठवणीत ती कधी वाजली नव्हती.

इनास धावत चर्चशी आला. पाद्रीबाबा वेदीवरचं काळं कापड सारखं करत होते. इनास दारातच थांबला. गप्प बसायची ही शेवटची संधी होती, हे त्याला पुरतं कळत होतं. बांध फुटला असता तर लोकांनी म्हटलं असतं, एवढं मोठं उधाण, माणूस काय करणार? आणि तो हात जोडून म्हणू शकला असता ते दोन शब्द, जे त्याने आयुष्यभर म्हटले होते. कोणाला काही कळलं नसतं. ते शब्द त्याच्या जिभेवर आलेही. मग त्याला बापाची मान आठवली, आणि आजीच्या ओट्यावरचं ते बोलणं.

"बाबा, बांध पोखरलाय," तो म्हणाला. "मी पाच महिने बिळं बुजवली नाहीत. दोष माझा आहे. घंटा वाजवू द्या."

पाद्रीबाबांनी खिडकीतून खाडीकडे बघितलं. मग ते स्वतः जाऊन दोराची गाठ सोडू लागले. "आजच्या दिवशी माणसांनी प्रभूला क्रुसावर चढवलं," ते गाठ सोडताना म्हणाले. "तो दोष त्यांचाच होता, तो देवाच्या माथी मारता येत नाही. आणि त्याच क्रुसातून जग तारायचं हे देवाने आधीच ठरवलेलं होतं. दोन्ही खरं आहे, इनास. मला ते पुरतं समजत नाही, पण मी त्यावर उभा आहे. वाजव. कोणी विचारलं तर घंटेचं उत्तर मी देईन. बांधाचं तू दे."

शुभ शुक्रवारी घंटा वाजली आणि गाव जसं होतं तसं धावत आलं. कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या पायात एकच वहाण. पायरीवर इनास उभा होता. त्याने लोकांच्या पायांकडे बघितलं, आणि मग मान वर करून डोळ्यांकडे बघितलं.

"माझं काम होतं, मी केलं नाही," तो म्हणाला. "बांध आज टिकेल असं वाटत नाही. मला हात हवेत."

दुधीचा वेल गेलेली शेजारीण म्हणाली, "भाषण पुरे! टोपल्या आण!"

इनासच्या घरातल्या सगळ्या टोपल्या निघाल्या. बाया, बापे, पोरं, सगळी रांग लावून उभी राहिली, आणि बांधाशेजारच्या खाजणातला, दलदलीतला चिखल हातोहात बांधावर चढू लागला. पाद्रीबाबांनी झगा कमरेला खोचला आणि पेंढा तुडवायला घेतला. मध्येच एका टोपलीचं बूड निसटलं आणि चिखल शेजारणीच्या पायांवर बदकन पडला. सगळ्यांनी इनासकडे बघितलं.

"माझीच टोपली," इनास म्हणाला. "घाईत विणली होती." आणि तो चिखल उचलायला वाकला. अशाही वेळी लोक हसले.

पाणी चढत होतं. सव्वाबाराला ते बांधाच्या निम्म्यावर होतं, पाऊणला वीतभर खाली. शेवटची चार बिळं इनासने पोटावर पडून, हाताने चिखल कोंबून बुजवली. तरी उघाडीजवळ एक जागा फुटलीच. पाणी आत घुसलं आणि कडेचे तीन वाफे बघता बघता रिकामे झाले. सहा जणांनी तिथे पेंढ्याचे भारे टाकले, त्यावर उभे राहिले आणि भोक बुजलं. मग कोणाच्या हाताला काम उरलं नाही. चिखल संपला, पेंढा संपला, बिळं संपली. पाणी बांधाच्या माथ्यापासून चार बोटं खाली होतं आणि पश्चिमेकडून वारा त्याला ढकलत होता. एक मोठी लाट आली असती तर सगळं गेलं असतं, आणि लाटेचं काही करणं एकसष्ट घरांतल्या कोणाच्याच हातात नव्हतं.

इनास बांधावरच गुडघ्यांवर बसला. "प्रभू," तो म्हणाला, "माझं होतं ते उशिरा का होईना उचललं. आता उरलंय ते तुझंच आहे."

त्याला वाटलं होतं की भीतीने जीव जाईल. पण अंगातून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. शेजारी कतरीन येऊन बसली. हळूहळू सगळं गाव बसलं. वारा पडला तो कोणाला आधी कळलाही नाही. मग कोणीतरी बोट दाखवलं. बांधावर ओल्या चिखलाची एक रेघ उघडी पडली होती. पाणी उतरायला लागलं होतं.

तीन वाजता प्रभूच्या मरणाची प्रार्थना होती. घरी जाऊन पाय धुवायला वेळ नव्हता. सगळं गाव चिखलाने भरलेल्या पायांनीच चर्चमध्ये शिरलं, आणि पाद्रीबाबांच्या झग्याला पेंढा चिकटलेला होता. इतक्या वर्षांत अशी प्रार्थना झाली नव्हती असं म्हातारे अजून सांगतात.

जे तीन वाफे गेले त्यांतला एक त्या शेजारणीचा होता. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी इनास तिच्या दारात गेला. "तुझं मीठ माझ्या चुकीने गेलं. माझ्या वाफ्यातलं घे. बाकीच्या दोघांनाही देतोय."

"घेईन," शेजारीण म्हणाली. "पण आधी सांग, माझा दुधीचा वेल खाल्ला ती कोणाची इच्छा?"

इनासने डोकं खाजवलं. "शेळी माझी होती," तो म्हणाला.

शेजारीण इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

पुढच्या वर्षी पुन्हा सण आला, मडकं आलं. इनास मडक्याशी गेला. त्याने सगळ्यांना दिसेल अशी मूठ उघडली, आणि शिंपला आत पडल्याचा आवाज झाला. मागून कतरीनचा हलका आवाज आला, "एकच ना?"

"प्रभू, तू निवड," पाद्रीबाबा म्हणाले.

"आम्ही राखू!" इनासचा आवाज त्या दिवशी सगळ्यांच्या वर गेला. इसाबेल आजीची मान त्या दिशेला वळली आणि तिचे दोन दात दिसले.

शिंपला मात्र इनासचा निघाला नाही. होडी चालवणाऱ्या एका तरुण विधवेचा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धास्तावलेल्या मनाने बांधावर गेली, तर उतारावर कोणीतरी आधीच बसलेलं. कोपरापर्यंत चिखल, बाजूला जाड बुडाची टोपली.

"इनासभाऊ, यंदा तुमचा शिंपला नाही निघाला," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," इनास बीळ ठोकत म्हणाला. "ये बाय, बस. आधी हे बीळ कसं बुजवायचं ते दाखवतो. समुद्राचं नको मनावर घेऊ. तो बघणारा दुसरा आहे."

आता तात्पर्य विचाराल तर ते एवढंच: भरती आणणं देवाचं काम आहे, म्हणून घाबरू नये, आणि बांध त्याने आपल्या हाती दिला आहे, म्हणून हात आखडू नये.